खोल बाजूची खुर्ची

३ एप्रिल

रुजू झाले. खोलीच्या दारावर ‘प्रमुख जीवरक्षक’ अशी पाटी आहे आणि तिच्याखाली माझ्या आधीच्या माणसाचं नाव खरवडून काढलेलं आहे. तेही अर्धवट खरवडलंय. या जलतरण तलावात कुठलंच काम कुणी शेवटपर्यंत करत नसावं.

ही वही पुन्हा सुरू करतेय. शर्यतीत पोहायचे तेव्हा आमचे सर रोज लिहायला लावत, आज काय चुकलं ते. खांदा गेला, शर्यती सुटल्या, चुका लिहायची सवय राहिली.

व्यवस्थापकांनी आधी चहा पाजला आणि मग खरी गोष्ट सांगितली. मागच्या महिन्यात इथे एक मुलगी बुडता बुडता वाचली. खुर्चीवरचा जीवरक्षक मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. शेजारी पोहणाऱ्या एका गृहस्थांनी तिला ओढून बाहेर काढलं. तो जीवरक्षक गेला, प्रमुखही गेले. “मे महिन्यात लहान मुलांचं शिबिर आहे,” व्यवस्थापक म्हणाले. “आता काही झालं तर तलावाला टाळं, आणि तुमचं माझं...” पुढचं न बोलता ते कुंडीतल्या झाडाची पानं पुसत बसले.

मला टाळ्याची भीती नाही वाटली. मला वाटलं, आता एखादं पोर गेलं तर ते माझ्या डोळ्यांदेखत जाईल.

५ एप्रिल

माझ्या हाताखाली तीन रत्नं आहेत. तिघांचं वय विशीच्या आतबाहेर. दोन खुर्च्या, एक उथळ बाजूला, एक खोल बाजूला, तिसरा विश्रांतीवर. आलटून पालटून बसायचं.

पहिला वकील, इथे सगळे त्याला अशीच हाक मारतात. कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात “पण मॅडम” अशी. दुसरा उंट. हेही नाव मी ठेवलेलं नाही, सगळा तलाव त्याला त्याच नावाने हाक मारतो आणि तो ओ देतो. दिवसभर टिंगलटवाळी. तिसरी एक मुलगी. तिला मी मनातल्या मनात जांभई म्हणते, कारण तोंड उघडलं तर त्याचसाठी.

‘ताई’ म्हणायचं नाही, हे पहिल्याच दिवशी बजावलं. ताई म्हटलं की लाड सुरू होतात.

आज मी जांभईच्या खुर्चीमागे उभी राहून तिला हाक मारली. वळली नाही. पुन्हा मारली. “हं,” म्हणाली, पाण्याकडे तोंड करून. मी विचारलं, कालची पाळी कुणाची होती? उत्तर दिलं, तेही पाण्यालाच. वरिष्ठ माणूस बोलतंय तर मान वळवून बघण्याची सुद्धा रीत नाही. आणि वर जांभई. केवढा माज!

९ एप्रिल

मोबाइल माझ्या कपाटात ठेवायला लावले. तिघांनी निमूटपणे ठेवले, मला जरा भांडणाची आशा होती. मोबाइल गेले म्हणून डोळे पाण्यावर आले असं मात्र नाही. उंट पोहणाऱ्यांशी गप्पा मारतो. वकील टक लावून समोर बघतो, पण बघतो म्हणजे काय, फोटोतली माणसं बघतात तसं.

त्याला खोलीत बोलावून विचारलं, तुला या कामाचं काही वाटतं का?

“वाटून काय उपयोग, मॅडम?”

“म्हणजे?”

“दुपारी खोल बाजूला पाण्यावर ऊन येतं. खुर्ची बरोबर समोर आहे. तळ दिसतच नाही, नुसता चकचकाट. खुर्ची पलीकडच्या भिंतीला न्या, असं आम्ही मागच्या साहेबांना कितीदा सांगितलं. ते म्हणाले, तू तुझं बघ.”

मी म्हटलं, काम करायचं नसलं की सूर्य सुद्धा आडवा येतो. तो हसला. तसं हसणं मला मुळीच आवडत नाही, म्हाताऱ्या माणसासारखं. विसाव्या वर्षी या पोरांना कशाचंच काही वाटत नाही. मी त्यांच्या वयाची होते तेव्हा एका सेकंदासाठी रडत होते.

१२ एप्रिल

उपाय सापडला. भांडारात सरावाचा बाहुला आहे. रबरी, आठ-नऊ वर्षांच्या मुलाएवढा, आत वजन भरलं की सरळ तळाला जातो. वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नाही. आता मी न सांगता, माणसं पोहत असताना, हळूच तो पाण्यात सोडणार आणि घड्याळ लावून बघणार की खुर्चीवरच्याला किती वेळाने दिसतो.

आजच पहिला प्रयोग केला. खोल खुर्चीवर उंट. मी पोत्यातून बाहुला आणला, शिडीजवळ सोडला, वर सज्जात जाऊन उभी राहिले. उंट कुणाला तरी किस्सा सांगत होता. बाहुला तळाला पडून राहिला, पडूनच राहिला. शेवटी रोज पोहायला येणाऱ्या एका आजोबांच्या पायाला लागला आणि त्यांनी अशी बोंब ठोकली की पंपघरातून पंप सांभाळणारे काका धावत आले.

संध्याकाळी तिघांना ओळीत उभं केलं आणि त्यांची बिनपाण्याने केली. म्हटलं, तो रबराचा होता म्हणून तुम्ही आज घरी जेवायला जाताय. उंटाचा चेहरा उतरला होता. मला फार बरं वाटलं.

१६ एप्रिल

रोज एकदा तरी बाहुला पाण्यात. परिणाम दिसतोय. उंट गप्पा मारत नाही. त्याने बाहुल्याचं नाव जावईबापू ठेवलंय: न सांगता येतात आणि मानाने उचलावे लागतात. मला हसू आलं, पण दाखवलं नाही.

जांभईची वेळ सगळ्यांत कमी. मला संशय आहे की कुणीतरी तिला आधी इशारा करतं, नाहीतर इतक्या लवकर दिसणं शक्य नाही. आणि नाटकीपणा किती! बाहुल्याला बाहेर काढते ती मानेखाली हात घालून, डोकं आपटू नये म्हणून. कडेला निजवते, तोंडावरचं पाणी निपटते. रबराच्या तोंडावरचं! मी म्हटलं, वेळ फुकट घालवू नकोस, उडी मारून वर आणलास की झालं, घड्याळ तिथेच थांबतं.

“बरं,” म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

२१ एप्रिल

पोरं हुशार आहेत, फक्त नको तिथे. मी पोतं घेऊन निघाले की खुर्च्यांवर पाठी ताठ होतात. म्हणजे ती पाण्याकडे नाही, माझ्याकडे बघतात. मी जवळ नसले की पुन्हा ढिम्म.

म्हणून हे काम पंपवाल्या काकांकडे दिलं. पंपघराचं मागचं दार थेट खोल पाण्यावर उघडतं. त्यांना सांगितलं, तुम्हाला वाटेल तेव्हा सोडा, मलाही सांगू नका. मी सज्जात गळ्यात घड्याळ अडकवून तयार असेन. काका म्हणाले, “मुलं वैतागलीत हो.” वैतागू देत.

आणखी एक केलं. नागडा रबरी बाहुला लगेच ओळखू येतो, म्हणून कुणीतरी विसरून गेलेला लहान मुलाचा निळा पोहण्याचा पोशाख त्याला चढवला. डोक्याला काळी टोपी. वरून बघितलं तर अगदी खरा वाटतो. माझं मलाच कौतुक वाटलं.

२४ एप्रिल

वकिलाने आज तोंड उघडलं.

“मॅडम, एक विचारू? बाहुला रोज बुडतो. माणूस वर्षात एकदा बुडतो, कदाचित बुडतही नाही. मग तळाला काही दिसलं की मी काय समजायचं?”

“माणूस समजायचं.”

“समजलो असतो. पहिल्या आठवड्यात माझं काळीज तोंडात यायचं. आता तळाला काही दिसलं की पहिल्यांदा तुमचा चेहरा आठवतो.”

उंट फिदीफिदी हसला. मला असा राग आला! मी म्हटलं, ज्याला कंटाळा येतो त्याने हे काम करू नये, बाहेर शेकडो पोरं नोकरीला हपापलेली आहेत. तो शांतपणे म्हणाला, “ठीक आहे. उडी मारायची तेव्हा मारेन. पण त्या रबरासाठी आता जीव नाही टाकणार.” आणि निघून गेला.

हीच ती वृत्ती. कशाचंच सोयरसुतक नाही. याच्यावर विशेष लक्ष ठेवायला हवं.

२८ एप्रिल

घरी आईशी वाजलं. दूध उतू गेलं, मी म्हटलं गॅसपाशी उभी राहून तुझं लक्ष कुठे असतं? आई म्हणाली, “माझं लक्ष तुझ्याकडे होतं. आठ दिवसांत तू धड जेवली नाहीस. तुला दूध दिसलं बरोबर.”

जेवणावरून आता मी तिच्याशी वाद घालणार नाही. तीन दिवसांवर शिबिर. रात्री डोळा लागत नाही. डोळे मिटले की हिरवट पाणी दिसतं आणि खुर्चीवर बसलेला वकील, समोर बघणारा.

२ मे

शिबिराचा दुसरा दिवस. उथळ बाजूला पोरांचा गलका, मध्ये तरंगती दोरी, दोरीपलीकडे मोठी माणसं. पोरांना दोरी ओलांडायची सक्त मनाई. मी पूर्ण वेळ सज्जात. सज्जातून तिघंही एका नजरेत येतात. आज वकिलाने डोळे चोळले, उंट उगाच शिट्टी फुंकतो, जांभई नेहमीप्रमाणे. सगळं टिपून ठेवलंय. एवढं बारीक लक्ष इथे आजवर कुणी ठेवलं नसेल.

४ मे

मुलगा जिवंत आहे. आधी तेवढं लिहून ठेवते.

आज लिहिलं नाही तर उद्या मी हे माझ्या सोयीने लिहीन, मी स्वतःला ओळखते.

दुपारची वेळ. शिबिराचा वर्ग सुटत होता, पोरं बाहेर निघत होती, टॉवेलांची ओढाओढ चालली होती. खोल खुर्चीवर वकील, उथळ खुर्चीवर जांभई, उंट विश्रांतीवर, कडेला बसून केळं खात होता. मी सज्जात. खोल बाजूला भिंतीलगत तळाशी मला काळं डोकं आणि निळा पोशाख दिसला.

मी घड्याळ चालू केलं.

मला वाटलं, काकांनी बरोबर वेळ साधली. मी वकिलाकडे बघू लागले. पाण्याकडे नाही, वकिलाकडे. त्याने खाली बघितलं, डोळ्यांवर हात धरला, पुन्हा बघितलं. त्याला काहीतरी दिसलं होतं हे मला इतक्या लांबून कळलं. तो उठला नाही. उंटानेही बघितलं आणि केळं वर करून ओरडला, “जावईबापू आले रे!” वकील हसला. पायातली चप्पल काढायला वाकला, अगदी सावकाश, मला दिसावं म्हणून. मी मनात म्हणत होते, आता सापडलास, आज तुझा हिशेब लिहून वर पाठवते.

तेवढ्यात जांभई आपली खुर्ची सोडून कडेने धावत सुटली. उथळ बाजू उघडी टाकून! मी सज्जातून ओरडले, “खुर्ची सोडून कुठे चाललीस? परत जा!” पूर्ण ताकदीने ओरडले. माझा आवाज मोठा आहे, सगळ्यांनी ऐकला. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि उडी मारली.

त्याच वेळी मी सहज पंपघराकडे बघितलं. काका दारात उभे होते. त्यांच्या हातात बाहुला होता. कोरडा.

पुढचं मला सलग आठवत नाही. जिना कसा उतरले ते आठवत नाही. ती वर आली तेव्हा मुलाचं डोकं तिच्या खांद्यावर होतं, ओठ निळे. मी त्याला कडेला घेतलं, तोंडाने श्वास दिला, छाती दाबली, पुन्हा श्वास दिला. हे मला येतं, हे मी डोळे मिटून करू शकते. वकील बाजूला गुडघ्यांवर बसला होता आणि “नाही, नाही, नाही” असं काहीतरी म्हणत होता. मग मुलगा खोकला. पाणी ओकला. रडला. इतका सुंदर आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

रुग्णवाहिका आली, गेली. लोकांनी माझे हात धरले. व्यवस्थापक मला “देवासारख्या धावलात” म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले.

सगळे पांगल्यावर मी जांभईजवळ गेले. टॉवेलात गुरफटून बसली होती, दात वाजत होते. मी काही बोलणार तोच तिने माझ्या गळ्याकडे बघितलं.

“मॅडम,” ती म्हणाली, “तुमचं घड्याळ चालू आहे.”

५ मे

मुलाला रात्रभर ठेवून घेतलं, आज घरी सोडणार. छातीत पाणी राहिलेलं नाही असं डॉक्टर म्हणाले. तो दोरीखालून भिंत धरत धरत गेला होता, खोल पाण्यात हात सुटला. ओरडला नाही. पाण्यात नाकातोंडापर्यंत गेलेलं माणूस ओरडू शकतच नाही, हे मीच या तिघांना शिकवलं होतं.

व्यवस्थापकांनी बोलावलं. खूश होते. म्हणजे खूश म्हणजे, टाळं टळलं याची सुटका. म्हणाले, “तुमच्या बाहुल्याच्या सरावानेच पोरगी तयार झाली. मी वर तसं कळवलंय. आणि त्या खोल खुर्चीवरच्या पोराला काढून टाका. त्याने बघून उडी मारली नाही, साक्षीदार आहेत. तो स्वतःच कबूल करतोय. विषय संपला.”

मी “हो” म्हणाले.

घड्याळ रात्रीच थांबवलं होतं. आज ते पुसून कोरं केलं. खरं तर काकांना कोरडा बाहुला हातात घेतलेलं बघेपर्यंत जो वेळ गेला, तो कुणालाच माहीत नाही. वकिलाइतकाच तो माझाही होता. पण मी सज्जात होते. सज्जातून उडी मारता येत नाही. सज्जातून निदान ओरडता तरी येतं. ओरडले ना मी.

नको. हे असं लिहायचं नाही.

६ मे

वकील आला नाही. फोन बंद. संध्याकाळी त्याच्या खोलीवर गेले. दोन मुलं मिळून राहतात, दुसरा गावाला गेलेला. पलंगावर पुस्तकं, भिंतीला टेकून हा. मला बघून उठला. खुर्ची पुसून दिली. एवढी रीत याला आहे हे मला माहीत नव्हतं.

“काढलंत ना मला?” त्याने विचारलं.

“अजून कागद निघालेला नाही.”

“निघू दे. काढायलाच हवं. मॅडम, मी बघितलं होतं. ऊन होतं, नीट दिसत नव्हतं, पण काहीतरी आहे ते कळलं. आणि मी हसलो. चप्पल काढत बसलो.” तो बोलत होता आणि माझ्या नजरेला नजर देत नव्हता. “तुम्ही बरोबर म्हणायचात. मला कशाचंच काही वाटत नाही. नाहीतर असं कुणी बसतं का?”

त्याने दोन दिवस काही खाल्लेलं नव्हतं. ओठ फुटले होते. ज्याला काही वाटत नाही तो पोरगा असा दिसतो काय?

तोंडाशी आलं होतं माझ्या. सांगायचं होतं की अरे, मीही वरून बघत होते, आणि मला ऊनही नव्हतं. मी म्हटलं, “जेवून घे.” आणि बाहेर पडले. जिन्यात स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

७ मे

आज जांभईला खोलीत बोलावलं. दार लावलं. विचारलं, तू माझ्याकडे बघितलं होतंस का त्या वेळी?

“हो. तुम्ही वकिलाकडे बघत होतात.”

“मग कुणाला बोलली का नाहीस?”

तिने खांदे उडवले. याच खांदे उडवण्यावरून मी तिला महिनाभर शिव्या घातल्या आहेत.

“तुला कसं कळलं तो मुलगा आहे म्हणून? तू तर केवढी लांब होतीस.”

“मला कुठे कळलं?” ती म्हणाली. “मला पण बाहुलाच वाटला.”

मी उठून तिच्या समोर आले.

“मग उडी का मारलीस? खुर्ची का सोडलीस?”

“दोघं हसत होते, कुणी उतरत नव्हतं. आणि वरून कसं कळणार, मॅडम? खाली गेल्याशिवाय कळतं का?” ती पुढे म्हणाली, “हात लावला तेव्हा मऊ लागला. तेव्हा कळलं.” आणि मग ती रडायला लागली. मोठ्याने, लहान पोरासारखी, नाक पुसत. “रोज झोपेत हाताला मऊ लागतो,” म्हणाली.

मी तिला जवळ घेतलं. मला हे जमत नाही, कोपर कुठे ठेवायचं तेही कळत नाही, पण घेतलं. ती केव्हातरी शांत झाली.

तिला विचारलं, तुला इतक्या जांभया का येतात? “एकाच ठिकाणी बघत राहिलं की येतात,” ती म्हणाली. “मान हलवली तर जातील. पण मग पाण्यावरची नजर सुटते.”

मी महिनाभर सज्जात उभी राहून तिच्या जांभया टिपत होते.

८ मे

व्यवस्थापकांना सांगितलं. सगळं. घड्याळ, सज्जा, वकिलाकडे बघत राहणं, जांभईवर ओरडणं. बाहुल्याला निळा पोशाख मीच घातला होता हेही. मुलाचाही पोशाख निळाच होता. दुपारच्या उन्हाबद्दल आणि खुर्चीबद्दल वकिलाने मला सांगितलं होतं आणि मी त्याची टर उडवली होती, हेही.

त्यांनी उठून दार लावलं.

“हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं मी समजतो.”

“मी लेखी आणलंय.”

“अहो, कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय? पोरगा वाचला. लोक तुमचं कौतुक करतायत. त्या वकिलाचं काय, उद्या दुसरीकडे लागेल. त्या पोरांना अशा गोष्टींचं काही वाटत नाही.”

हे वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द माझं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा इतकं घाण लागलं!

मी म्हटलं, “त्याला काढायचं तर आधी मला काढा. त्याच्या डोळ्यांवर ऊन होतं. माझ्या नव्हतं.”

कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उलटा केला, जणू लिहिलेली बाजू त्यांच्याकडे बघत होती. घरी येऊन आईला सांगितलं. आईने विचारलं, “नोकरी जाईल?” म्हटलं, जाईल बहुतेक. ती म्हणाली, “बरं, हात धू, पानं घेते.” मी जेवले. भूक लागली होती, याची लाज वाटली.

१२ मे

निर्णय आला. प्रमुखपद गेलं. नोकरी राहिली, साधी जीवरक्षक म्हणून, कारण शिबिराच्या मध्यावर माणूस मिळणं कठीण. नवीन प्रमुख पुढच्या महिन्यात येतील. वकील कायम. त्याला लेखी समज, मला लेखी समज. दोन कागदांवर मजकूर एकच, फक्त नाव वेगळं.

उंटाला आणि वकिलाला मी स्वतः सांगितलं. उंट ऐकता ऐकता खाली बसला. “जावईबापू मी ओरडलो होतो,” तो म्हणाला. “मी ओरडलो नसतो तर हा उठला असता.” वकील रागावेल असं वाटलं होतं, आणि रागवायचा त्याला हक्क होता. रागावलाच. म्हणाला, “त्या दिवशी खोलीवर आलात तेव्हा का नाही सांगितलंत? मी इतक्या रात्री...” मी म्हटलं, घाबरले होते. त्याने मान हलवली. माफ केलं असं म्हणाला नाही, मीही मागितली नाही.

मग तोच म्हणाला, “चला, खुर्ची हलवू.”

लोखंडी खुर्ची, जमिनीत बोल्ट. चौघांनी मिळून काढली, काकांनी पाना दिला. उंटाचा अंगठा सोलला. पलीकडच्या भिंतीला नेऊन बसवली. वकील वर चढून बसला आणि बराच वेळ उतरेना. खालून विचारलं, काय झालं? म्हणाला, “तळाच्या फरश्या मोजतोय. सगळ्या दिसतायत.”

बाहुल्याचं काय करायचं यावर तासभर वाद घातला तिघांनी. वकील म्हणाला, टाकून द्या. जांभई म्हणाली, टाकायचा नाही, पण तलाव रिकामा असेल तेव्हाच सोडायचा आणि त्याला कपडे घालायचे नाहीत. शेवटी तसंच ठरलं. त्या वादात माझं मत कुणी विचारलं नाही. बसून ऐकत होते. एवढं तावातावाने बोलताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, आणि हे आत्ताच आलं की आधीपासून होतं, ते मला सांगता येत नाही.

१९ मे

आज त्या मुलाची आई आली. मुलगा तिच्या पदराआड. पाण्याकडे बघत नव्हता, भिंतीकडे बघत होता. ती मला शोधत आली होती, आभार मानायला. माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, “तुम्ही श्वास दिलात त्याला. तुमच्यामुळे...”

मी हात सोडवून घेतला. म्हटलं, “आधी ऐका.” आणि सांगितलं. मुलगा ऐकत होता म्हणून हळू आवाजात, पण सगळं. मला तो आधी दिसला होता. मी त्याला बाहुला समजले. मी वर उभी राहून घड्याळ बघत होते, आणि जी मुलगी त्याला काढायला धावली तिच्यावर मी ओरडले.

तिचा चेहरा बदलत गेला. मला वाटलं, आता ही माझ्या अंगावर धावून येईल. यायला हवं होतं तिने. तिने फक्त मुलाला आणखी जवळ ओढलं. इतकं जवळ की तो म्हणाला, “आई, दुखतंय.”

मग तिने विचारलं,

“ती मुलगी कुठे आहे?”

मी खोल बाजूला बोट दाखवलं. ती खुर्चीवर बसली होती, आमच्याकडे पाठ, पाण्याकडे तोंड.

“तिची पाळी कधी असते?”

“या आठवड्यात सकाळची.”

आईने मुलाकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही.

“मग याला सकाळच्या वर्गात घाला,” ती म्हणाली. “तिची पाळी बदलली की मला कळवा. मी वर्ग बदलून घेईन.”

मी म्हटलं, कळवते.